डोक्याचं माती परीक्षण

"हे इथून काढ," मोठीमाय म्हणाली. "आत्ताच काढ."

फ्रीजचं दार सताड उघडं होतं आणि त्याच्यासमोर माझी आजी कमरेवर हात ठेवून उभी होती. नाना, म्हणजे माझे वडील, तिच्या आणि फ्रीजच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"माय, ते तपासनीचं आहे."

"तपासनीचं कायचं, लघवीचं आहे. मी आंधयी झाली का? खाली दूध, वरती देवाचं लोनी, नी मधात हे."

"झाकन घट्ट आहे त्याचं."

"तुह्या डोक्याचं ढिल्लं आहे."

नानांशी असं बोलायची हिंमत गावात फक्त मोठीमायची. भास्कर फेगडे म्हटलं की सावदा-फैजपूरच्या केळीपट्ट्यात लोक उठून खुर्ची पुढे करायचे, आणि घरी त्यांना फ्रीजच्या एका फळीसाठी झगडावं लागत होतं. शेवटी दूध आणि लोणी शेजारच्या कमलमावशीच्या फ्रीजमध्ये गेलं आणि कॅन आमच्याकडे राहिला. पांढरा, प्लास्टिकचा, पुण्याहून आलेला. त्याच्यावर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर माझं नाव, वैजयंती भास्कर फेगडे, वय सतरा. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी लघवी त्यात साठवायची, थंड ठेवायची आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची होती. त्यावरून माझ्या मेंदूत कोणतं रसायन कमी आणि कोणतं जास्त हे कळणार होतं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हे भांडण बघत होते. एरवी पोट धरून हसले असते. त्या वर्षी मला हसूच येत नव्हतं, आणि तपासणी नेमकी त्याचीच होती.

दहावीला मी तालुक्यात पहिली आले तेव्हा नानांनी ट्रॅक्टरला केळीची पानं बांधून मला गावभर मिरवलं होतं. मी लाजेनं अर्धी झाले आणि ते मात्र दोन्ही हातांनी पेढे वाटत होते. पुढं मला जळगावला होस्टेलवर ठेवलं. बारावीच्या दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. पुस्तक उघडलं की ओळ दिसायची, वाचलीही जायची, आणि पुढच्या ओळीवर जाईपर्यंत मागची पुसून जायची. पहाटे जाग यायची आणि उठवत नसे. घास तोंडात फिरत राहायचा. मैत्रिणी काहीबाही सांगत बसायच्या आणि मला वाटायचं, या मला कशाला सांगतायत. एके दिवशी रेक्टरबाईंनी फोन केला, नाना जीप घेऊन आले आणि मला गाद्यागिरद्यांसकट घरी घेऊन गेले.

घरी प्रत्येकाकडे कारण तयार होतं. आईनं दृष्ट काढली. कमलमावशीनं कानाशी येऊन विचारलं, कुणी मुलगा आहे का. नानांचे धाकटे भाऊ, दामूकाका, ओट्यावरून मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "लाडानं बिघडली. चार दिवस बागीत निंदायले लावा, सरय (सरळ) होईन." मोठीमाय तेवढी काही बोलली नाही. ती माझ्या खाटेपाशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहायची. मी भिंतीकडे तोंड करून तो कटकट आवाज ऐकायचे.

मला कुणाचा राग येत नव्हता. राग यायलाही अंगात थोडा जोर लागतो. मला फक्त एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, ही पोरगी ढोंग करत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मलाच माझी खात्री नव्हती. हात धड, पाय धड, ताप नाही, आणि तरी उठवत नाही, म्हणजे आपण आळशीच असणार, असं मीही मनात धरून बसले होते.

नानांनी मला आळशी म्हटलं नाही. ते म्हणाले, "तपासनी करू. काय कमी आहे ते कयलं का तेच टाकू."

ही त्यांची शेतीतली रीत. गावात सगळे हाताच्या अंदाजानं खत टाकायचे त्या काळात नानांनी बागेच्या चारी कोपऱ्यांतली माती पिशवीत भरून तपासायला पाठवली होती. लोकांनी तेव्हा त्यांची टिंगल केली, आणि पुढं त्यांचे घड बघून तेच लोक मातीच्या पिशव्या घेऊन आमच्या ओट्यावर यायला लागले. नानांना त्याचे सत्कार झाले. प्रत्येक सत्कारात शाल घालणारा माणूस तीच गोष्ट सांगायचा, की भास्करभाऊंनी मातीच्या ओढीनं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडलं आणि गाव जवळ केलं. टाळ्या व्हायच्या. नाना मान खाली घालून उभे असायचे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटायचे आणि ती गोष्ट मला अक्षर न् अक्षर पाठ होती.

त्यांना एकच खंत. मी दिसायला पूर्ण आईवर गेले होते. नाक मामांचं, रंग मामांचा, हसताना डोळे बारीक होतात तेही मामांचे. पाहुणे आले की हे मोजून दाखवायचे आणि नाना म्हणायचे, "एखादी तं गोष्ट आमची घ्याची होती."

तर तपासणी. जळगावच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं शिबिर लावलं होतं. टाय घातलेला एक तरुण माणूस मेंदूचं रंगीत चित्र दाखवून बोलत होता. मूड, एकाग्रता, झोप, सगळं रसायनांवर चालतं. आम्ही ती रसायनं मोजतो आणि जे कमी असेल ते देतो.

नाना खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे डोक्याचं माती परीक्षण."

"अगदी बरोबर बोललात, काका," तो म्हणाला, आणि नानांनी तिथल्या तिथे माझं नाव नोंदवलं.

कॅनसोबत सूचनांचं एक पत्रक आलं. तपासणीच्या आधी आणि तपासणीच्या दिवशी चहा, कॉफी, चॉकलेट, फळं, सुकामेवा पूर्ण बंद. नानांनी ते घरातल्या सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं. मला बघायला येणाऱ्यांनी आणलेली सफरचंदं, डाळिंबं, मोसंबी त्यांनी वाटून टाकली. अंगणातले चिकू दामूकाकांकडे गेले. मोठीमायच्या देवाच्या डबीतले बेदाणेसुद्धा सुटले नाहीत. मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी स्वतः चहा सोडला आणि डोकं धरून घरभर फिरत राहिले.

खायचं काय हा प्रश्न नव्हता, कारण त्या दिवसांत माझ्या घशाखाली उतरायचं ते थोडकंच. सकाळी दूध-केळं. दुपारी भाकरीबरोबर कच्च्या केळ्याची भाजी. चार वाजता आईनं तळलेले वेफर्स. रात्री शिकरण-पोळी. नाना समोर बसून एकेक घास मोजल्यासारखे बघत होते. ताट रिकामं झालं की त्यांचा चेहरा उजळायचा.

रिपोर्ट आला तो गुळगुळीत रंगीत कागदावर. कंपनीच्या जळगावच्या ऑफिसात टायवाल्यानं तो टेबलावर पसरला. रांगेनं रंगीत पट्ट्या होत्या आणि त्यातली एक थेट कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडली होती.

"हे सेरोटोनिन," तो म्हणाला. "सोप्या भाषेत सुखाचं रसायन. तुमच्या मुलीत ते प्रमाणाबाहेर आहे."

"सुखाचं?" नानांनी विचारलं.

"हो."

"प्रमाणाबाहेर?"

"खूपच. इतकं आम्ही सहसा बघत नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी केस न विंचरता आले होते आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. "साहेब, ही पोरगी दिवाळीपासून हसली नाही."

"म्हणजे ते साठलंय, पण वापरलं जात नाहीये," तो जराही न अडखळता म्हणाला. "आमची पावडर आहे. सहा महिन्यांचा कोर्स करा."

नानांनी रिपोर्टची घडी घातली. "माझ्या शेतातून असा आकडा आला तर मी खत टाकत नाही. नमुना परत घेतो," ते म्हणाले आणि उठले.

जिना उतरताना मी मध्येच बसले आणि रडायला लागले. बऱ्याच दिवसांनी रडू आलं होतं.

"काय झालं वैजू? मानसाचा आकडा चुकू शकते."

"मशीननंही सांगितलं ना, नाना. मी सुखानं भरलेली आहे. दामूकाका म्हणतात तेच खरं. मी ढोंगी आहे."

नाना माझ्या शेजारी पायरीवर बसले. येणारेजाणारे वळून बघत होते. नेहमीचे नाना असते तर 'लोक बघतात, ऊठ' म्हणाले असते. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "फेरतपासनी करू. मोठ्या ठिकानी करू."

सावद्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि जळगावच्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. डॉ. शमीम तडवी. नानांनी घरी फेरतपासणी एवढंच सांगितलं. दवाखान्याची पाटी बघून मला त्याचं कारण कळलं. पाटीवर 'मनोविकार तज्ज्ञ' लिहिलं होतं. नानांनी जीप पुढच्या गल्लीत नेऊन लावली, टोपी नीट केली आणि इकडेतिकडे बघत मला आत नेलं.

डॉक्टर चाळिशीच्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. "कोणतं गाव?" त्यांनी विचारलं. नानांनी सांगितलं. "अरे वा, म्हणजे माझ्याच बाजूचे. आमचं गाव यावलच्या वर, सातपुड्याला लागून. केळी असेल मग?"

"केळीच आहे," नाना म्हणाले. पाटी बघून आत गेलेला त्यांचा आवाज जरा बाहेर आला.

डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला. कागदाच्या कडेला भिडलेल्या पट्टीवर बोट ठेवून त्या थांबल्या आणि नानांना सोडून माझ्याकडे वळल्या. "तपासणीच्या दिवशी काय काय खाल्लंस? सकाळपासून सांग."

मी सांगितलं. दूध-केळं, भाजी, वेफर्स, शिकरण. सांगून होईपर्यंत त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

"भाऊ, पत्रकात फळं बंद लिहिलं होतं का?"

"बंदच होती," नाना म्हणाले. "सफरचंद, डाळिंब, मोसंबी, चिकू, सगळं. मी स्वतः उभा राहून बंद केलं."

"आणि केळी?"

"केळीचं काय?"

"केळं फळ नाही का?"

नानांचं तोंड उघडं राहिलं. माझंही. हे बाहेरच्याला पटणार नाही, पण आमच्या घरात, गावात, तालुक्यात केळ्याला कुणी फळांत धरत नाही. फळ म्हणजे जे विकत आणतात, आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत घालून नेतात ते. केळं म्हणजे ज्वारी-गव्हासारखं घरचं पीक. माळ्याला घड टांगलेला असतो, येताजाता तोडून खायचं, पाहुण्याला दिलं तर तो म्हणेल, आमच्या घरी काय कमी आहे.

"वाईट वाटून घेऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "मलाही मुंबईला शिकायला गेल्यावर कळलं की लोक केळी डझनानं विकत घेतात. पण या रसायनाचं असं आहे, केळ्यात ते ठासून भरलेलं असतं. खाल्लं की पोटातून सरळ लघवीत उतरतं. मेंदूपर्यंत पोचतही नाही."

नाना थोडा वेळ हिशेब लावत होते. "म्हणजे पुण्याच्या मशीननं माझी केळी मोजली."

"हो."

"आणि त्यात प्रमाणाबाहेर सुख निघालं."

"निघालं खरं."

नाना हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग टोपी काढून डोळे पुसत. "माल तसा आहेच आपला," ते म्हणाले. अभिमान लपवायची सोय त्यांच्या चेहऱ्यात कधी नव्हतीच. त्यांच्याकडे बघून माझ्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. डॉक्टरांनी ते टिपलं असावं, कारण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"मग आता तुम्ही नमुना घ्या," नाना म्हणाले. "केळीसकट सगळं बंद ठेवतो."

"रक्त घेऊ. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघायलाच हवं, त्यानंही माणूस असा गळून जातो. पण भाऊ, मन का बसलंय ते सांगणारी बाटली माझ्याकडे नाही. अजून कुणाकडेच नाही. मी विचारते, ही सांगते. माझी तपासणी तीच."

"नुसतं विचारून?"

"नुसतं विचारून."

नानांचा विरस झाला. आकडा नाही, पट्टी नाही, म्हणजे तपासणी कसली. डॉक्टरांनी मला विचारलं, वडील बाहेर बसले तर चालेल का. मी म्हणाले, बसू द्या इथंच.

मग त्यांनी विचारलं. झोपेचं, जेवणाचं, पुस्तकाच्या ओळीचं. घाई नव्हती. मी बोलताना मध्येच अडकले की त्या थांबायच्या, वाक्य माझ्या वतीनं पुरं करायच्या नाहीत. माझ्या आधी माझं वाक्य पुरं न करणारं त्या महिन्यांतलं पहिलं माणूस ते. शेवटी आवाज अजिबात न बदलता त्यांनी विचारलं, "जगूच नये असं वाटतं का कधी?"

नानांची टोपी त्यांच्या मांडीवर होती. मी तिच्याकडे बघत म्हणाले, "कधी कधी. म्हणून मी विहिरीकडच्या अंगाला जात नाही."

टोपीवरचे हात गच्च झाले.

"बरं केलंस सांगितलंस," डॉक्टर म्हणाल्या. "आता माझं ऐक. हे ढोंग नाही. आळस नाही. हा आजार आहे, याला नाव आहे आणि याला औषध आहे. बरा होतो."

मला वाटलं होतं, हे वाक्य कुणी म्हटलं की मी हंबरडा फोडेन. मी नुसता एक मोठा श्वास घेतला. इतके दिवस मी पूर्ण श्वास घेतच नव्हते, हे तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी पेन उचललं. "भाऊ, आता तुम्हाला एक विचारते. घरात आधी कुणाला असं झालं होतं का? दोन्हीकडच्या माणसांत? ते कळलं तर औषध निवडायला मदत होते. पुढं काय काळजी घ्यायची तेही ठरवता येतं."

"नाही," नाना म्हणाले. "आमच्या घरात कुणालाच नाही. असलं काही नाही आमच्याकडे."

ते इतक्या पटकन आणि इतक्या खात्रीनं म्हणाले, की मला सफरचंद-डाळिंबाची यादी आठवली. डॉक्टरांनाही आठवली असावी.

"भाऊ," त्या हळू म्हणाल्या, "तुमच्या मातीच्या तपासणीत नमुना असतो ना, तसं माझ्या तपासणीत उत्तर. नमुन्यात चूक झाली तर माझाही रिपोर्ट केळीसारखा येईल. घाई नाही. आठवून सांगा."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नंबर विचारत होतं. नाना टोपीची कड बोटांनी चाचपत राहिले. दवाखान्यात आल्यापासून ते मोठ्या कष्टानं पुस्तकी मराठी बोलत होते. ती एकदम गळून पडली.

"मले झालं होतं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्साले. पुस्तक उघडो तं ओय दिसे, समजे नाही. खोलीच्या बाहेर निघवे नाही. पोरायनं घरी निरोप धाडला. बाप आला नी मले घिऊन गेला. मायनं बागीत खाट टाकली, रोज सकायी मले तिथं नेऊन बसवे. सोता जवय बसे नी शेंगा फोडे. लोकायले सांगितलं, पोराले शेतीची ओढ. मंग मीही तेच सांगत रायलो."

"किती दिवस चाललं?"

"दीडेक साल. आलं तसं गेलं. दामू तवा शायेत होता, त्याले काही कयलं नाही. मंग अजून एकदा आलतं, वैजू पोटात होती तवा. थोडं होतं. बायकोलेही सांगितलं नाही, म्हटलं डोकं दुखते." ते थांबले. "मले वाटे, मशीन काही दुसरंच सांगीन. माह्याकून तिले आलं नसीन."

तेव्हा मला सगळं उलगडलं. शिबिरात खुर्चीत पुढे सरकणं, फ्रीजसाठी भांडणं, पथ्यासाठी चहा सोडून डोकं धरून फिरणं. माझ्यात काय कमी आहे हे त्यांना शोधायचं होतंच, पण ते आपल्या बांधावरून आलेलं निघू नये म्हणून ते देव पाण्यात घालून बसले होते. आणि आता विचारणारं कुणी मशीन नव्हतं, समोर एक बाई पेन घेऊन बसली होती, नाही म्हणून सहज निभावलं असतं.

मला रडू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. मला नानांचा अभिमान वाटला. ट्रॅक्टरवरून मला मिरवताना त्यांना माझा वाटला असेल तसा, उघडाउघडा, कुणाला तरी धरून सांगावं असा. शाल घेताना ते मला इतके मोठे कधीच दिसले नव्हते.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. औषध दिलं, ते लागू पडायला काही आठवडे लागतील असं बजावलं, एकटं सोडू नका म्हणाल्या, लवकर परत बोलावलं. निघताना नानांना म्हणाल्या, "सकाळी बागेत नेऊन बसवत जा हिला. कसं ते तुमच्या आईला माहीत आहे."

आम्ही जीपमधून परत निघालो. भुसावळ मागे पडल्यावर मी विचारलं, "मग सत्कारात सांगतात ते खोटं?"

"खोटं नाही," नाना रस्त्याकडे बघत म्हणाले. "शेतीवर जीव बसला तो खरा. पन मागून बसला. आधी शेतीनं मले ठिऊन घेतलं."

पुढचं थोडक्यात सांगते. औषध लागू पडलं, पण सावकाश. बारावी एक वर्ष उशिरा झाली. पुढं मी शेतीच शिकले आणि आज नानांची बाग मी बघते. एखाद्या हिवाळ्यात ते दुखणं पुन्हा डोकं वर काढतं, तेव्हा मी लपवत नाही, जळगावची गाडी पकडते. ते मला जमतं याचं कारण त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर जे झालं ते आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ओटा भरलेला होता. दामूकाका होते, केळी घ्यायला आलेले दोन व्यापारी होते, कमलमावशी दुधाचं पातेलं परत द्यायच्या निमित्तानं आली होती. आई दारात होती. मोठीमाय खाटेवर.

"काय आला रिपोर्ट?" दामूकाकांनी विचारलं.

मी मनाशी उत्तर तयार ठेवलं होतं. नाना म्हणतील, रक्त कमी आहे. दवाखान्यात खरं सांगितलं ते औषधापुरतं. इथं गाव होतं, व्यापारी होते, उद्या बाजारभर झालं असतं. नाना तसं म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

नानांनी पाय धुतले, घोटभर पाणी घेतलं आणि पहिल्या रिपोर्टाची हकीकत सांगितली. पुण्याच्या मशीननं आपली केळी मोजली हे ऐकून व्यापारी मांडीवर थाप मारून हसले. मोठीमाय म्हणाली, "मंग केयं काय फय आहे का?" त्यावर आणखी हसले.

"म्हणजे पोरीले काही नाही," दामूकाका म्हणाले. "मी तेच म्हनत होतो."

"आहे," नाना म्हणाले. "आजार आहे. मनाचा. औषध सुरू केलं आज."

हसणं थांबलं. कमलमावशीनं आईकडे बघितलं. मोठीमायचा हात शेंगांच्या सुपात तसाच राहिला.

"मनाचा?" दामूकाकांचा आवाज खाली आला. "दादा, हयू बोल. आपल्या घरात असं कोनाले आहे? हे कुठून आलं तिच्यात?"

नाना उठून उभे राहिले. सत्काराच्या वेळी त्यांची मान खाली असायची. त्या संध्याकाळी ती वर होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या ओट्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"माह्यावर गेली."